डॉयलच्या शर्टाचा सोगा

माझ्या सुनेने माझ्या तोंडावर हात ठेवला. आख्खा पंजा. त्याला डासांच्या औषधाचा वास येत होता आणि वर माझं नाकही निम्मं दाबलं गेलं होतं. नवरा पुरला, मुलगा पुरला, पाद्रीबाबा प्रवचनात चुकले तर त्यांना चर्चच्या दारात गाठून सांगणारी बाई मी. आणि आठवडाभर कारखान्यात कोंबड्यांच्या तंगड्या कापणारी ही पोरगी पहाटे मला ओकच्या बुंध्याला टेकवते, माझं तोंड दाबते आणि कानात सांगते, "मिस ओसी, श्वास घ्या. बोलू मात्र नका."

मी बोलत नव्हतेच. बुडाखाली ओल आली आहे, एवढंच म्हटलं होतं.

ओढ्याच्या पलीकडे नर टर्की पक्षी दोनदा घशातून गडगडला होता. माझं वाक्य त्याच्यापर्यंत पोचलं आणि तो गप्प झाला. मग बराच वेळ फक्त पाणी वाजत राहिलं. शेवटी ट्विलाने माझ्या तोंडावरचा हात काढला, उभी राहिली आणि पँटवरची पानं झटकली.

"गेला."

"मला ओल लागली, त्यात त्याचं काय गेलं? माझी भाषा कळते का त्याला?"

"भाषा नाही कळत. आवाज ओळखतो. या डोंगरात कोण ओळखत नाही?"

असं बोलते ती. तोंड वर न करता, बंदुकीतली काडतुसं काढता काढता. डॉयल होता तेव्हा ही एवढी बोलत नव्हती. डॉयल म्हणजे माझा मुलगा, हिचा नवरा. लाकूडतोडीवर होता. पाडलेलं झाड दुसऱ्या झाडात अडकलं, आणि ते सोडवताना खाली आलं ते त्याच्यावरच. त्याला आता दोन डेकोरेशन झाली.

डेकोरेशनचा रविवार मे महिन्यात येतो. आधी कबरी साफ करायच्या, फुलं ठेवायची, मग चर्चमागच्या झाडांखाली लांब टेबलं मांडून सगळ्या वस्तीने जेवायचं. त्या टेबलाच्या डोक्याशी आमच्या घराची थाळी असते. मागच्या डोंगरधारेवरची रानटर्की, ताकात भिजवलेली, पिठात घोळवून तळलेली. सासूने ठेवली, मग मी ठेवत आले. पक्षी आधी माझा नवरा होबर्ट मारायचा, मग डॉयल, आणि डॉयल गेल्यावर ट्विला. मी सोलायची, कापायची, तळायची. जंगलात मला कुणी नेलं नाही. होबर्ट म्हणायचा, "ओसीला नेलं तर टर्की मिसिसिपीत जाऊन अंडी घालतील." आणि हसायचा. मीही हसायची, कारण थाळी तर माझ्याच नावाची होती.

मग फेब्रुवारीत, भांडी घासताना, माझ्याकडे पाठ करून ट्विला म्हणाली, "डेकोरेशन झालं की मी निघेन म्हणते. टेक्सासला. रँडलने विचारलंय."

रँडल पाइप जोडण्याचं काम करतो. माणूस वाईट नाही. जेवायला आला तेव्हा स्वतःचं ताट स्वतः धुतलं, वर मागच्या पायरीचा हलणारा खिळाही ठोकून गेला. वाईट म्हणायला जागा ठेवली नाही, हाच त्याचा दोष.

"तिकडे डोंगर नाहीत म्हणे," मी म्हटलं.

"नाहीत."

"मग मारणार काय?"

"रँडल मासे धरतो."

"मासे!"

मी ताट पुसायला घेतलं. काय म्हणणार? विधवा पोरगी, मूलबाळ नाही, अजून केस काळे आहेत. मी काय तिला दाव्याला बांधून ठेवू?

पण माझी नणंद मॉझेल गप्प बसणाऱ्यातली नाही. मार्च संपता संपता चर्चच्या पायऱ्यांवर, पाद्रीबाबांच्या बायकोदेखत, नवी कवळी दाखवत म्हणाली, "ओसी, यंदा तुझी थाळी राहू दे गं. ट्विला तर चाललीच. मधातला हॅम मीच आणीन आणि ठेवीन तुझ्या जागेवर. या वयात तुला कशाला त्रास?"

"हॅम तू तुझ्या नवऱ्याच्या कबरीपाशी ठेव," मी म्हटलं. "जन्मभर त्याने तेच खाल्लं. आमची थाळी येईल."

"मारणार कोण?"

"मी."

पाद्रीबाबांच्या बायकोला खोकला लागला.

घरी येताना गाडी ट्विला चालवत होती. म्हणाली, "मी मारून देते ना. हंगाम अजून महिनाभर आहे."

"आणि पुढच्या वर्षी?"

तिने गाडी वळणावर घेतली.

"शिकव मला," मी म्हटलं. "होबर्टला येत होतं म्हणजे फार अवघड नसणार."

शिकवायला लागली तशी ही बाई बदललीच. आधी माझ्या कपाटावर घसरली. लाल चालणार नाही, पांढरं चालणार नाही, निळं चालणार नाही. नराचं डोकं याच तीन रंगांचं असतं. झाडीत ते दिसलं की दुसरा कुणी शिकारी माझ्यावरच बार टाकायचा. माझ्याकडे या तीन रंगांशिवाय आहे काय? केससुद्धा पांढरे. तिने माझ्या डोक्यावर डॉयलची टोपी दाबली. अंगात घालायला मी मागच्या खोलीच्या दारामागून डॉयलचा शर्ट काढला. हिरवा-तपकिरी चौकटीचा, तोडीवर घालायचा तो. बाकीचे मी वाटून टाकले होते, हा तेवढा राहिला होता. टर्कीला वास कळत नाही असं ट्विलाने सांगितलं होतं, म्हणून मी तो न धुताच घातला.

तिने शर्टाकडे पाहिलं, मग माझ्या बुटांकडे. "नाड्या नीट बांधा," एवढंच म्हणाली.

मग मादीचा आवाज काढून नराला बोलवायची पिपाणी. टर्कीच्या मादीच्या पंखाची तीन हाडं एकात एक बसवून होबर्टने केलेली, हात लागून लागून पिवळी पडलेली. ट्विला ती बुटाच्या नाडीत ओवून गळ्यात घालते. घरची वस्तू, टेक्सासला जाणार, तिथे माशांना ऐकवणार. हे मी मनात ठेवलं होतं, वेळ आल्यावर काढायला.

"फुंकायची नाही," ट्विला म्हणाली. "आत ओढायची. मुका घेतल्यासारखी."

"माझ्या वयाला शोभेल असं सांग."

"लिंबू चोखल्यासारखी."

लिंबाने काम झालं. पडवीत बसून मी रोज ती ओढायची. पहिले काही दिवस कुत्रं पडवीखाली जाऊन बसलं. मग ते बाहेर यायला लागलं. शेवटी एकदा ट्विला कामावरून आली, गाडीतून उतरली आणि जागीच थांबून धारेकडे बघायला लागली. मादी खरंच ओरडली असं तिला वाटलं होतं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ठीक आहे." कुठल्याही पदार्थाला ती याहून जास्त कधी म्हणालेली नाही.

पण पडवी वेगळी आणि जंगल वेगळं. जंगलात मी एकदा ओढायची, पलीकडून तो गडगडायचा आणि मला राहवायचं नाही. मी पुन्हा ओढायची. तो पुन्हा गडगडायचा. आमची चांगली चर्चा चालायची आणि तो एक पाऊल पुढे यायचा नाही. उतारावर पिसारा फुगवून, पंख जमिनीला घासत, पुढारी सभेत फिरतो तसा फिरायचा आणि ऊन चढलं की निघून जायचा.

"एकदा बोलवायचं," ट्विला म्हणाली. "फार तर दोनदा. मग गप्प."

"आणि नाही आला तर?"

"तर नाही आला."

"ही काय रीत झाली? मी पोरांना जेवायला हाक मारायची ती पोरं ताटावर बसेपर्यंत."

"तो पोरगा नाही. त्यांच्यात मादी नराकडे जाते, मिस ओसी. आपण त्याला उलटं करायला लावतोय. तुम्ही बोलत राहिलात की त्याला वाटतं, ही आहेच इथे, येईल झक मारत. गप्प झालात की मग त्याच्या पोटात गोळा येतो. गेली की काय? मग शोधायला निघतो."

"तुला फार कळतं नरांचं."

"डॉयलने शिकवलं. म्हणायचा, बाबा गोठ्यातून घरात का येत नाहीत ते मला इथे कळलं."

असं म्हणायचा माझा मुलगा! आणि मला ते आज कळतंय. मी उतारभर तिच्याशी बोलले नाही. ती म्हणाली, "बघा, जमतंय की तुम्हाला."

एप्रिल असाच गेला. एकदा गाय आली. एकदा माझ्या पायाला पेटका आला आणि मी तिन्ही रंगांच्या शिव्या घातल्या. गोचिडी तर कुठे कुठे सापडल्या ते लिहिण्यासारखं नाही. एकदा मला दणदणीत शिंक आली आणि तो थेट त्या शिंकेलाच गडगडला. मोठा आवाज झाला की त्याला राहवत नाही, कावळा असो की गाडीचं दार. ट्विला बुंध्याला डोकं टेकून आवाज न करता हसत होती, खांदे गदागदा हलत होते. डॉयल गेल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "पिपाणी ठेव बाजूला, मिरपूड आण." ती आणखीच हसली. टर्की अर्थातच गेला.

घरी आल्यावर माझे गुडघे दरवाज्याच्या बिजागरीसारखे वाजायचे. मॉझेल फोन करून विचारायची, "काय गं, मिळाला का?" मी म्हणायची, "बघून ठेवलाय." बाजारात घ्यायच्या गाईबद्दल बोलावं तसं.

आणि मग हंगामाचा शेवटचा शनिवार आला. दुसऱ्या दिवशी डेकोरेशन, आणि रविवारी आम्ही बंदुकीला हात लावत नाही, म्हणजे माझ्यासाठी हंगाम तिथेच संपत होता. आदल्या संध्याकाळी ट्विलाने पलीकडच्या धारेवर तो कुठल्या झाडावर बसायला चढला ते ऐकून ठेवलं होतं. अंधारातच आम्ही त्याच्या खालच्या बाजूला येऊन बसलो. या वेळी ओल लागू नये म्हणून मी चर्चच्या बाकावरची माझी उशी आणली होती. ट्विलाने उशीकडे पाहिलं, त्यावर विणलेलं कोकरू पाहिलं आणि ती बाजू खाली करून ठेवली. पांढरं होतं.

ती माझ्या मागे, त्याच ओकच्या दुसऱ्या अंगाला बसली. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता. उजाडायला लागलं. घुबड ओरडलं आणि वरून तो गडगडला, इतक्या जवळ की माझ्या दातांत वाजलं. ट्विलाने गळ्यातली पिपाणी काढून माझ्या हातात दिली. मी लिंबू आठवलं आणि एकदा ओढली. त्याने उत्तर दिलं.

मी पिपाणी मांडीवर ठेवली आणि गप्प बसले.

हे लिहायला सोपं आहे. तो झाडावरून उतरला, पंख फडफडल्याचं ऐकू आलं. पुन्हा गडगडला, विचारल्यासारखा. मी गप्प. नाकावर डास बसला, पोट भरून उठला. तो लांब गेल्यासारखा गडगडला. माझ्या तोंडात इतके शब्द जमले होते की गालफडं दुखायला लागली. मला मागे वळून ट्विलाला सांगावंसं वाटत होतं की चालला तो, बोलाव त्याला, तुझी ही गप्प बसायची अक्कल तुझ्यापाशीच ठेव, अशाने माणसं निघून जातात. मी नाही बोलले. मग तो गडगडायचाही थांबला आणि नुसतं जंगल राहिलं.

बऱ्याच वेळाने ट्विलाचं बोट माझ्या खांद्यात रुतलं. डावीकडे.

आवाज न करता तो आला होता. नेच्यांच्या वर आधी लाल-पांढरं डोकं दिसलं, मग छातीवरची लांब दाढी. पिसारा मिटलेला होता. ओकपासून अंगणातल्या कपड्यांच्या दोरीएवढ्याच अंतरावर तो थांबला आणि मान लांब करून इकडे तिकडे बघायला लागला. मी जन्मभर हे पक्षी उलटे टांगून सोलले. त्यांच्या पोटात काय सापडतं ते मला ठाऊक. पण कुणाला तरी शोधणारा टर्की मी कधी पाहिला नव्हता. एक पाऊल टाकायचा, थांबायचा, ऐकायचा. आत्ता तर इथे होती, असं त्याच्या मानेत दिसत होतं.

बंदूक गुडघ्यावर होती, गाल दस्त्याला लागलेला, नळीच्या टोकावरचा मणी त्याच्या मानेवर. ट्विलाने शिकवलं होतं तसंच सगळं. आणि मी घोडा ओढला.

धूर, खांद्याला दणका, पानांचा सडा. तो उडाला तो असा की अंगणात कुणी गालिचा झटकावा. ओढ्यावरून, झाडांवरून, पलीकडे.

ट्विला उठून समोर गेली, मागचं झाड बोटांनी चाचपलं. छरे वर लागले होते, डोक्यापेक्षा उंच.

"मान वर केलीत," ती म्हणाली. "ओढताना. गाल सुटला दस्त्यावरून."

"मला त्याला नीट बघायचं होतं."

"नवशिक्या सगळ्यांचंच होतं."

"मान खाली घालायची मला सवय नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली, मला उठवायला हात दिला आणि पानांत पडलेली पिपाणी उचलून स्वतःच्या गळ्यात घातली. आणखी काही बोलली असती तर बरं वाटलं असतं. तिला दोन शब्द सुनावता आले असते.

घरामागे मांसाला धुरी द्यायची लाकडी खोली आहे. तिच्या आतल्या भिंतीवर कापडाचे तुकडे ठोकलेले आहेत, काजळी धरलेले. ज्याचा टर्कीवर नेम चुकला त्याच्या शर्टाचा मागचा सोगा कापायचा आणि तिथे खिळ्याने ठोकायचा, अशी आमच्याकडची रीत. शर्ट नवा असो, उसना असो, पाद्रीबाबांचा असो. होबर्टचा आहे तिथे, दोनदा. डॉयलचा आहे, मिसरूड फुटायच्या आधीचा. ट्विलाचा पिवळा आहे. लग्नानंतरच्या पहिल्या वसंतातला, तिच्या आईने शिवलेला. तो मी कापला होता, चांगला वीतभर. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ती उभी राहिली, हे मी तेव्हाच बघून ठेवलं.

मी सरळ त्या खोलीत गेले. कात्री खुंटीवरच असते. ती काढून मी ट्विलासमोर धरली.

"काय?" ती म्हणाली.

"काय म्हणजे? चुकला ना नेम?"

तिने शर्टाकडे पाहिलं. महिनाभर ती जिकडे बघायचं टाळत होती तिकडे आता सरळ पाहिलं. "हा नाही. दुसरा कुठला घाला, त्याचा कापते."

"चुकले तेव्हा हाच अंगात होता."

"मिस ओसी, त्याचा हा एवढाच राहिलाय."

"कुणाचा आहे ते मला सांगतेस? मी त्याची बटणं लावलीत."

"मग तुम्हीच कापा. मी नाही कापणार."

"ज्याचा चुकला त्याने कापायचा नसतो. घरच्याने कापायचा असतो."

"मॉझेलबाईंना बोलवा मग. मी आता…" ती थांबली. तिने गळ्यातून पिपाणी काढली, नाडी तिच्याभोवती गुंडाळली आणि मांस कापायच्या ठोकळ्यावर ठेवली. "ही घरची आहे. मी नेणारच नव्हते. तुमच्यासाठीच ठेवणार होते. आणि कारखान्यातल्या एकाकडे टर्की आहे, साफ केलेला, मी आणते. थाळीत कुणाला कळतंय? उद्या डेकोरेशनला मॉझेलबाईंना दाखवायला झालं की…"

महिनाभर मी मनात ठेवलेलं पिपाणीचं भांडण असं माझ्या हातातून गेलं. मी पिपाणी उचलली आणि तिच्या गळ्यात परत घातली. घालताना नाडी तिच्या केसांत अडकली, ती मी सोडवली. मग कात्री तिच्या हातात दिली, तिच्याकडे पाठ केली आणि डॉयलच्या शर्टाचा सोगा पँटमधून बाहेर ओढला. मागे तिचा श्वास ऐकू येत होता. समोरच्या भिंतीवर तिचा पिवळा तुकडा होता आणि त्याच्या शेजारी जागा होती. मी तिला सांगितलं, अगदी स्पष्ट, परत सांगायला लागू नये म्हणून:

"उसनी टर्की माझ्या थाळीत जाणार नाही. मॉझेलला आणू दे तिचा हॅम, मी तो सगळ्यांदेखत वाढून घेईन आणि बरा झालाय म्हणेन. पण तुझं काय ते ऐक. तू माझ्या तोंडावर हात ठेवलास, ते मी विसरणार नाही. तू उद्धट आहेस, तोंडाळ आहेस, आणि मास्तरीण म्हणून तर अगदीच वाया गेलेली आहेस. अर्धं शिकवून निघालीस. असं कुणी करतं का? जा टेक्सासला, मासे खा, त्या रँडलला धड जेवायला घाल. आणि मार्चमध्ये हंगाम उघडेल तेव्हा या पडवीत ये आणि माझं शिकवणं पुरं कर. ही कात्री मी बाहेरच्याच्या हातात कधी दिलेली नाही, आजही दिली नाही. आता काप, ट्विला. वीतभर काप, मी तुझा कापला होता तेवढा."